देवीची लस दिलेली असून तुऱ्यावर फोड आलेत, ७०-७५ पक्षी, आता परत लस टोचायची का?

ऊसपट्टा_पोल्ट्री
नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यातून लिहितोय. १२०० कावेरी जातीच्या कोंबड्या आहेत, ११ आठवडे पूर्ण झाले, ३० बाय ६० चं शेड, तीन बाजूला ऊस आणि एका बाजूला पाटाची चारी, यंदा पाऊस लांबल्यामुळं चारीत पाणी अजून तुंबलेलंच आहे. साधारण दहा-बारा दिवसांपूर्वी चार-पाच नरांच्या तुऱ्यावर बारीक पांढरट पुरळ दिसली, मला वाटलं एकमेकांना टोचलेत, नर आता भांडायला लागलेत म्हणून सोडून दिलं. तिथंच चुकलं. आता ती पुरळ मोठी होऊन काळपट तपकिरी खपल्या झाल्यात, मस झाल्यासारख्या, तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, डोळ्याच्या पापणीला. आज सकाळी बसून मोजले तर ७० ते ७५ पक्षी भरले, त्यातले १०-१२ जणांचे डोळे पार चिकटलेत. आतापर्यंत ४ मेले, त्यातल्या दोघांची चोच उघडून बघितली तर आत पिवळट घाण चिकटलेली, दह्याची साय असती तशी.
औषध दुकानदारानं एन्रोफ्लॉक्सासिन दिलं, पाच दिवस पाण्यातून झालं, काडीचा फरक नाही. आता तो म्हणतोय दुसरं भारी अँटिबायोटिक घेऊन जा.
माझं डोकं कुठं अडकलंय तर लसीकरण सगळं झालंय. हॅचरीत मरेक्स, सातव्या दिवशी लासोटा (मानमोडी रोगाची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा, आणि सहाव्या आठवड्यात देवीची. वहीत लिहिलेलं आहे. मग लसच खराब होती का? तीन आठवड्यांनी व्यापारी माल उचलणार आहे, तो हे बघून भाव पाडणार नक्की. आजी म्हणती देवी आलीय, कुणी शिव्या द्यायच्या नाहीत, शेडच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधून ठेवलाय तिनं. ते असू दे, पण मी काय करू ते सांगा. परत लस टोचू का नको?

रानवारा_फार्म
दादा टेन्शन घेऊ नका आमच्याकडं दरवर्षी येतंय हे. हळद आणि खोबरेल तेल कालवून खपल्यांना लावा, खपली नखानं काढून मग लावलं तर आत मुरतं, संध्याकाळी शेडमधे लिंबाच्या पाल्याचा धूर करा आणि अँटिबायोटिक बदला, एन्रोनं नाही झालं तर डॉक्सी चालू करा. लस आता अजिबात टोचू नका रोग चालू असताना लस दिली की सगळे मरतात.

निवृत्त_पशुवैद्य
रानवारा, हळद-तेलाला माझी ना नाही, धुरानं डास पळतात तेही बरोबर. पण खपली नखानं काढायची नाही हो. त्या खपलीतच विषाणू ठासून भरलेला असतो, तुम्ही काढून खाली टाकली की ती लिटरमधे (शेडमधल्या खालच्या तुसाच्या थरात) सुकून महिनोन् महिने तशीच जिवंत राहते, आणि पक्ष्याला रक्त येतं ते वेगळंच, मग बाकीचे तिथं टोचत बसतात. आणि अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही, देवीवर औषध नाही. अँटिबायोटिक फक्त खपलीखाली पू झाला, डोळ्यात घाण झाली, म्हणजे वरून जिवाणू बसले तर तेवढ्यापुरतं. दुकानदार बाटल्या बदलत राहील, तुमचा खर्च वाढत राहील.

ऊसपट्टा, तुमच्या वर्णनावरून ही देवीच दिसतेय, आणि दोन्ही प्रकारची. तुऱ्यावर, पापणीवर, पायावर, जिथं पीस नसतं तिथं येते ती कोरडी देवी, तिच्यानं मरतूक कमी असते, तीन-चार आठवड्यांत खपली आपोआप गळून पडते. तोंडात, घशात, श्वासनळीच्या तोंडाशी पिवळा पापुद्रा येतो ती ओली देवी, ही वाईट, पक्षी गुदमरून मरतो. तो पापुद्रा चिमट्यानं ओढायला जाल तर खाली लालभडक जखम आणि रक्त, म्हणून तोही ओरबाडू नका.
पण नुसत्या तोंडातल्या पापुद्र्यावरून देवी म्हणू नये. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी तोंडात घशात पांढरे दाणे येतात, बुरशी लागलेल्या मक्यातल्या विषानं तोंडात व्रण होतात, आणि आयएलटी (श्वासनळीचा विषाणूजन्य आजार) असेल तर पक्षी मान लांब करून घरघर करतो, खोकताना रक्ताचे शिंतोडे भिंतीला दिसतात. तुमच्याकडं तुऱ्यावर खपल्या आणि तोंडात पापुद्रा दोन्ही आहेत त्यामुळं शंका फार राहत नाही, तरी आज मेलेला एखादा पक्षी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा. ते खपल्यांचा नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवू शकतात, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत बोलिंजर बॉडीज (देवीच्या विषाणूचे गोळे) दिसल्या की विषय संपला. दवाखाना लांब असेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आता खरा प्रश्न. लस तुम्ही स्वतः दिली का? कशी दिली? आणि आठ दिवसांनी टेक बघितला का?

ऊसपट्टा_पोल्ट्री
डॉक्टरसाहेब मनापासून धन्यवाद. लस पुतण्यानं दिली, मी त्या आठवड्यात कारखान्याच्या ऊसतोडीच्या भानगडीत होतो. टेक म्हणजे काय ते मला माहीतच नाही खरं सांगतो. संध्याकाळी त्याला विचारतो.

शेळी_आणि_कोंबडी
मधेच विचारतो, माझ्याकडं शेळ्यांच्या देवीची लस फ्रीजमधे शिल्लक आहे, लम्पी आली तेव्हा गाईंनाही हीच टोचली होती की सरकारनं, मग कोंबड्यांना चालंल का? सगळी देवीच ना शेवटी.

निवृत्त_पशुवैद्य
नाही, अजिबात नाही. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच घरातले, सख्खे भाऊ, म्हणून २०२२ ला गाईंना गोट पॉक्स लस चालली. कोंबडीचा देवीचा विषाणू त्याच खानदानातला असला तरी घर वेगळं, तो पक्ष्यांतच राहतो. कबुतराच्या देवीची लस कोंबडीला चालते, जगात वापरतातही, पण शेळीची नाही. ती बाटली शेळ्यांनाच ठेवा.

ऊसपट्टा_पोल्ट्री
मंडळी डोक्याला हात लावून बसलोय. पुतण्याला विचारलं. त्यानं देवीची लस पाण्यातून दिली. लासोटा देतो तसंच अगदी शिस्तीत, सकाळी दोन तास पाणी तोडलं, दूध पावडर टाकली, लस ढवळली, ड्रिंकरमधे भरली, सगळं इतकं मन लावून केलंय की त्याला काय बोलावं तेच कळंना. डब्यात एक दोन टोकांची सुई निघाली होती ती त्यानं खिळ्याला अडकवून ठेवलीय, म्हणला काका मला वाटलं बाटलीचं झाकण उघडायला दिलीय.

लेअर_दहा_हजार
😂 सॉरी हसू नये पण ते सुईचं वाचून राहवलं नाही. भाऊ एकटे नाही तुम्ही, मी वीस वर्षं लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) करतोय आणि असले किस्से माझ्याकडंही आहेत. माझ्याच फार्मवर तीन वर्षांपूर्वी लसीकरणवाली टोळी आली, त्यांना पक्ष्यामागं पैसे, त्यामुळं हात असा चालतोय की बघत राहावं, सुई बाटलीत बुडली की नाही बघायचं कुणाला पडलंय. मी पण वहीत टिक मारून मोकळा. चौतिसाव्या आठवड्यात पॉक्स, म्हणजे हीच देवी, आला, ऐन अंड्यात. ६००० पक्ष्यांचं शेड, ८८ टक्क्यांवरून ७१ वर आलं आणि परत वर जायला दीड महिना लागला. मेले थोडेच, पण खाद्य तेवढंच खाऊन अंडी कमी, त्यात मेलो मी. त्यात ते हळूहळू पसरतं, मानमोडीसारखं एका रात्रीत नाही, आज ह्या पिंजऱ्यात चार, आठवड्यानं पलीकडच्या ओळीत दहा, त्यामुळं माणूस आज थांबंल उद्या थांबंल करत बसतो.
तुमचे बाराशेतले पंच्याहत्तर म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. माझ्या मते अजून वेळ गेलेली नाही, चांगल्यांना टोचून घ्या. डॉक्टर सांगतीलच.

निवृत्त_पशुवैद्य
बरोबर बोललात. ऊसपट्टा, तुमची लस खराब नव्हती, ती लागलीच नाही. टेक म्हणजे लस लागल्याची खूण, टोचलेल्या जागी फुगवटा आणि खपली येते ती. ही लस पोटातून लागत नाही, तिला चामडीत घुसायला वाट लागते. खऱ्या रोगाचंही तेच आहे, धडधाकट कातडीतून विषाणू आत जात नाही, डास चावला, नराची चोच लागली, जाळीची तार ओरखडली की तिथून शिरतो. म्हणून तुमच्याकडं आधी भांडणाऱ्या नरांच्या तुऱ्यावर दिसला. डास एका आजारी पक्ष्याला चावला की पुढं कित्येक आठवडे तो विषाणू सोंडेवर घेऊन फिरतो. चारी आणि ऊस बघता डासांना कमी नाही तुमच्याकडं.

रोग चालू असताना लस देऊ नये हे रानवारांनी लिहिलं ते देवीच्या बाबतीत खरं नाही. कळपात साधारण वीस टक्क्यांच्या आत पक्ष्यांना लागण असेल तर बाकीच्या चांगल्या पक्ष्यांना ताबडतोब टोचायचं, कारण हा रोग सावकाश पसरतो आणि लसीला पुढं पळायला वेळ मिळतो. निम्मा कळप धरला असता तर मी नको म्हणलो असतो. आजारी पक्ष्यांना टोचू नका, उपयोग नाही.
फक्त एक लक्षात ठेवा, लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दहा ते चौदा दिवस जातात आणि रोग अंगात शिरल्यापासून दिसायला चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे जे आज चांगले दिसतायत त्यातल्या काहींच्या अंगात तो आधीच आहे. लस दिल्यावर आठवडा-दोन आठवडे नवीन पक्षी निघत राहतील, तेव्हा परत इथं येऊन लस खराब होती म्हणू नका.

लेअर_दहा_हजार
आणि टोचायचं कसं ते मी सांगतो, कारण डॉक्टर लोक सांगतात ते पुस्तकात बरोबर असतं आणि शेडमधे रात्री दहाला वेगळंच होतं.
रात्री करा, एक निळा बल्ब लावून, पक्षी गप्प बसतात. तीन माणसं पकडायला, एक टोचायला, आणि टोचणारा एकच ठेवा, सारखा बदलू नका. आधी आजारी सगळे बाजूला काढून दुसऱ्या खोपटात टाका, ते काढणाऱ्यानं हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय चांगल्याला हात लावायचा नाही. पंख पसरून आतल्या बाजूनं बघितलं की पुढच्या कडेला पातळ तिकोनी चामडी दिसते, दिवा धरला तर आरपार दिसते, तिथं पिसं नसतात. शिर चुकवायची, हाडाला आणि मांसाला लागू द्यायचं नाही. सुईच्या दोन्ही टोकांना खाच असते त्यात लस भरलेली दिसली पाहिजे, एक पक्षी एक बुडवणं, आरपार घालून बाहेर. पिसातून गेली की लस पिसालाच पुसली जाते आणि पक्षी कोरडा राहतो. शिवाय पिसावर सांडली तर पक्षी झोपताना डोकं पंखात घालतो आणि तोंडावर देवी उठते, जिवंत लस आहे ती.
बाटली कालवली की दोन तासांत संपवायची, बर्फात ठेवायची. ५०० डोसच्या तीन बाटल्या असतील तर एकदम फोडू नका, एक संपली की दुसरी. शंभरेक पक्षी झाले की सुई बदला.
आणि काही लसींच्या कागदावर विंग वेब (ही पंखाची चामडी) नसून मांडीत नाहीतर चामडीखाली ०.२ मिली असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर तसंच करा. कागद वाचा हो, आपण सगळे तो कागद डब्याबरोबर फेकून देतो.

परसबाग_ताई
दादा मी रत्नागिरीकडची, आमच्या बचत गटाच्या बायकांकडं मिळून दीडशे गावठी कोंबड्या आहेत, त्यातल्या आठ-दहांना असंच झालंय. दोन प्रश्न. माझ्या लेकीला आत्ताच कांजिण्या येऊन गेल्या, शेजारीण म्हणते कोंबड्यांपासूनच आल्या, इंग्रजीत चिकनपॉक्स म्हणतात ना म्हणून. ते खरं का? आणि दुसरं, डोळे मिटलेल्या दोन कोंबड्या चार दिवस तशाच बसल्यात, काही खात नाहीत, त्या जगतील का?

निवृत्त_पशुवैद्य
ताई, शेजारणीला सांगा कोंबडीचा काही दोष नाही. कांजिण्यांचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला, हर्पिसच्या, तो माणसाकडून माणसाला येतो, नावात चिकन आहे एवढंच. माणसांना पूर्वी जी देवी यायची ती या कोंबडीच्या देवीची लांबची चुलत बहीण, पण ती १९८० सालीच जगातून गेल्याचं जाहीर झालं. कोंबडीची देवी माणसाला होत नाही, अंड्यातूनही नाही. लेक खुशाल कोंबड्यांत खेळू दे, हात धुतले म्हणजे झालं.
त्या दोघी जगू शकतात, पण त्या रोगानं कमी आणि उपाशी जास्त मरतात. डोळे मिटलेल्या कोंबडीला दाणा-पाणी दिसत नाही. वेगळ्या टोपल्यात ठेवा, कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळे हळूच पुसा, ओढू नका, मऊ होऊन सुटतील. खाद्य भिजवून चोचीपाशी धरा, पाणी ड्रॉपरनं पाजा. बाहेरच्या खपल्यांना टिंक्चर आयोडीन ग्लिसरीनमधे मिसळून लावा, तोंडात लावायचं तर बोरोग्लिसरीन. पाण्यातून अ जीवनसत्त्व आठवडाभर द्या. ऊसपट्टा, तुमच्या वेगळ्या काढलेल्यांनाही हेच.

परसबाग_ताई
देव भलं करो. पण लस आमच्याकडं १०० डोसची मिळत नाही, पाचशेचीच घ्या म्हणतात, उरलेली पुढल्या वेळेला ठेवली तर?

लेअर_दहा_हजार
ठेवून उपयोग नाही ताई, कालवली की दोन तासांत तिची गेम संपली. आजूबाजूच्या चार वाड्यांतल्या कोंबड्या एकाच संध्याकाळी करा, पाचशे सहज भरतील. आणि उरलेली उकळून किंवा जाळून टाका, उकिरड्यावर नको, जिवंत असते. दवाखान्यातही विचारा, औंधच्या सरकारी संस्थेत ही लस बनते, कधी तिथून आलेली असते.

ऊसपट्टा_पोल्ट्री
काल रात्री केलं. आजारी ८८ निघाले तोपर्यंत, ते जुन्या गोठ्यात हलवले. पावणेसात ते साडेअकरा, पुतण्यानंच टोचलं, हट्टानं. खिळ्यावरची सुई नाही वापरली, नवीन आणल्या. चारीत उसाचं पाचट अडकलेलं ते काढून पाणी वाहतं केलं, टाकीला झाकण केलं, दोन बाजूला मच्छरदाणीची जाळी मारली, ड्रिंकरखाली ओलं झालेलं लिटर काढून कोरडा तूस टाकला. मेलेले खड्ड्यात चुना टाकून पुरले. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला आजारी पण चालतील, निम्म्या भावात आजच उचलतो. देऊ का? खरं सांगतो मोह होतोय.

निवृत्त_पशुवैद्य
देऊ नका. माणसाला देवी होत नाही म्हणून काही बिघडत नाही असं तो म्हणेल, पण तोच टेम्पो, तेच खुराडे उद्या दुसऱ्याच्या शेडवर जाणार, खपल्या सगळ्या तालुक्यात फिरतील. आणि तुम्ही पाच दिवस एन्रो पाजलंय, त्याच्या बाटलीवर कापण्याआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते संपू दे. लसीच्या कागदावरही तसे दिवस दिलेत का बघा. खपल्या गळून पक्षी पूर्ण बरे झाले की पूर्ण भावानं विका ना.

रानवारा_फार्म
डॉक्टर मी ते लस टोचू नका लिहिलं ते चुकलंच, आमच्याकडं मानमोडीच्या टायमाला तसं झालं होतं म्हणून बोललो. पण एक विचारतो, आमच्याकडं दरवर्षी येतंय म्हणलो ना, ते का? शेड तर दरवेळी झाडून घेतो.

लेअर_दहा_हजार
झाडून नाही जात राव. लिटर पार बाहेर, लांब नेऊन खत करायचं, जाळ्यांना आणि कोपऱ्यात चिकटलेली पिसं, खपल्या फ्लेमगननं भाजायच्या, मग धुणं, मग चुना, मग शेड रिकामं ठेवायचं. आणि दोन वयांचे पक्षी एका शेडमधे ठेवता का? तसं असेल तर जुने नव्यांना देतात आणि ते चक्र कधी तुटतच नाही.

रानवारा_फार्म
ठेवतो. तीन वयांचे.

निवृत्त_पशुवैद्य
मग उत्तर मिळालं तुमचं.

ऊसपट्टा_पोल्ट्री
नऊ दिवस झाले म्हणून अपडेट देतो. आज सकाळी शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून असे मिळून ५० पक्षी पकडले आणि पंख बघितले. ४६ जणांना टोचलेल्या जागी फुगवटा आणि खपली आहे, चौघांना काहीच नाही. पुतण्या प्रत्येक पंख उघडताना आला आला करून ओरडत होता. नवीन आजारी मधल्या काळात ३१ निघाले, पहिल्या सहा दिवसांतच बहुतेक, गेल्या तीन दिवसांत फक्त दोन. एकूण मरतूक १९, त्यातले बहुतेक तोंडात पापुद्रा असलेले. गोठ्यातल्या तीस-पस्तीस जणांच्या खपल्या गळायला लागल्यात, त्या झाडून रोज जाळतो. ५० मधे ४६ म्हणजे चालंल ना, का सगळ्यांना परत टोचायचं?

निवृत्त_पशुवैद्य
नव्वदच्या वर आहे, छान. सगळ्यांना परत नको, त्या चौघांना टोचा. पुतण्याला शाबासकी द्या माझ्याकडून.

ऊसपट्टा_पोल्ट्री
देतो साहेब. तो विचारतोय पुढच्या बॅचला सुया परत वापरायच्या तर धुवायच्या कशानं, डेटॉलमधे टाकून ठेवल्यात त्यानं.

लेअर_दहा_हजार
अरे बाबा डेटॉल नको, जरा जरी राहिलं तर पुढची लस सुईवरच मरंल. साध्या पाण्यात वीस मिनिटं उकळा, वाळवा, डबीत ठेवा. आणि ती खिळ्यावरची पण काढून घे म्हणावं त्याला.